विश्लेषण : परतीचा पत्ता खोटा, तर ई-मेल दारातूनच परत! ही वाट दाखवणारे जॉन पोस्टेल कोण होते?

श्रीवर्धनला किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये दोन-चार खोल्या बांधून पर्यटकांची घरगुती सोय करणारी अनेक कुटुंबे आहेत. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी त्यांच्या फोनवर चौकशीचे ई-मेल येऊ लागतात. त्यांच्यातच भलतेही मिसळलेले असतात : न मागितलेल्या कर्जाचे, न घेतलेल्या तिकिटाच्या सोडतीचे, न केलेल्या खरेदीच्या पावतीचे. मात्र असे बरेच ई-मेल फोनपर्यंत पोहोचतच नाहीत. टपाल स्वीकारणारा सर्व्हर त्यांना दारातूनच परत लावतो. त्यासाठी तो जे प्रश्न विचारतो, त्यांतला एक अगदी साधा आहे. या पत्राला उत्तर द्यायचे झाले, तर ते पाठवायचे कुठे? या प्रश्नामागची व्यवस्था ज्यांच्या हातून घडली, त्या जॉन पोस्टेल यांच्या आयुष्यात या प्रश्नाचे दोन्ही धडे सापडतात : उदारपणे स्वीकारण्याचा आणि वेळीच नाकारण्याचा.

कोण होते जॉन पोस्टेल?

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये ते शिकले. इंटरनेटच्या इतिहासातील आणखी दोन मोठी नावे, व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर, हीसुद्धा याच शाळेची. पुढे तिघेही लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एकत्र आले. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या 'अर्पानेट'चे पहिले केंद्र १९६९ मध्ये याच विद्यापीठात सुरू झाले आणि तिथल्या तरुण विद्यार्थ्यांच्या चमूत पोस्टेल होते. १९७४ मध्ये त्यांनी तिथेच पीएच.डी. मिळवली.

लांब दाढी आणि पायात सँडल हा त्यांचा कायमचा वेश. डोंगरदऱ्यांत पाठीवर पिशवी टाकून भटकणे हा आवडता छंद. पण कामात कमालीचा काटेकोरपणा. जाळ्यावरच्या कोणत्या यंत्राला कोणता क्रमांक दिला, याची नोंद ठेवण्याचे काम त्यांनी सुरुवातीच्या काळात स्वतःकडे घेतले. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात सातबारा असतो, तसे हे जगभरच्या जाळ्याचे दप्तर होते. ते पोस्टेल यांनी अखेरपर्यंत सांभाळले. इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांतून प्रसिद्ध होतात, त्या 'आरएफसी' मालिकेचे संपादनही त्यांनी जवळजवळ तीन दशके केले. १९७७ पासून ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत होते. ई-मेलविषयीचे त्यांचे महत्त्वाचे काम तिथेच झाले.

नको असलेल्या टपालाचा प्रश्न त्यांना कधी दिसला?

नोव्हेंबर १९७५ मध्ये. तोपर्यंत इंटरनेट हे नावही रूढ नव्हते. अर्पानेटवर मोजकी विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि लष्करी कार्यालये होती आणि बहुतेक सारे एकमेकांना ओळखत होते. अशा काळात पोस्टेल यांनी आरएफसी ७०६ हे छोटेसे टिपण लिहिले. त्याचा विषयच नकोशा टपालाची अडचण हा होता.

त्यांचा मुद्दा असा होता. जाळ्यावरच्या यंत्राला ठरावीक ठिकाणाहून येणारे संदेश नाकारण्याची सोयच नाही. हवा असलेला संदेश मिळवायचा, तर आलेले सगळेच वाचावे लागतात. एखादे यंत्र बिघडले किंवा मुद्दाम त्रास देऊ लागले आणि त्याने संदेशांचा मारा केला, तर समोरच्या यंत्राचे खरे काम ठप्प होईल. म्हणून त्रासदायक ठिकाणाचे संदेश शक्य तितक्या लवकर अडवावेत आणि नाकारल्याची सूचना पाठवणाऱ्याला परत द्यावी, असे त्यांनी सुचवले. त्यांच्यासमोर यंत्रांमधले संदेश होते, आजच्या अर्थाचे व्यापारी ई-मेल नव्हते. पण पत्र आत घेण्याआधी नाकारायचे आणि नाकारल्याचे कळवायचे, ही आजच्या ई-मेल सर्व्हरची शिस्त त्या टिपणात स्पष्ट दिसते.

अडीच वर्षांतच अंदाज खरा ठरला. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. सामूहिक नकोशा ई-मेलचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

मग ई-मेलचे नियम लिहिताना त्यांनी दार बंद का ठेवले नाही?

ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांचा आरएफसी ८२१ प्रसिद्ध झाला. 'एसएमटीपी' या नावाने ओळखला जाणारा हा नियमसंच आजही, काही सुधारणांसह, जगभरचे ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेतो. त्याची रचना दोन माणसांच्या संभाषणासारखी आहे. पाठवणारा सर्व्हर आधी आपले नाव सांगतो, मग पत्र कोणाकडून आहे ते सांगतो, मग कोणासाठी आहे ते, आणि शेवटी मजकूर देतो. प्रत्येक टप्प्यावर समोरचा सर्व्हर तीन आकडी क्रमांकाने उत्तर देतो. २५० म्हणजे मान्य, ५५० म्हणजे नाही.

नकाराचा क्रमांक होता, पण पाठवणारा खरा की खोटा हे तपासण्याची सक्ती नव्हती. पत्र कोणाकडून आहे, या रकान्यात कोणीही कोणाचेही नाव लिहू शकत होता. यामागे त्या काळचा विश्वास होता आणि पोस्टेल यांचे एक तत्त्वही होते. १९८० च्या सुमारास इंटरनेटचे मूळ नियम लिहिताना त्यांनी ते मांडले : स्वतः पाठवताना नियम काटेकोर पाळावेत, दुसऱ्याकडून स्वीकारताना मात्र उदार राहावे. वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या कुवतीची यंत्रे एकमेकांशी बोलू शकली ती या उदारपणामुळे. समोरच्याची छोटी चूक पोटात घालून पुढे जाण्याची सवय जाळ्याला लागली आणि जाळे वाढले.

त्याच उदारपणाचा पुढे गैरफायदा घेतला गेला. सुरुवातीच्या काळात अनेक सर्व्हर कोणाचेही पत्र कोणाकडेही पोहोचवून देत असत. शेजाऱ्याचे पत्र जाता जाता टपालपेटीत टाकावे, तसे. नव्वदच्या दशकात व्यापारी जाहिरातदारांनी हीच उघडी दारे वापरून लाखो ई-मेल ढकलले, तेव्हा एकेक दार बंद करावे लागले.

'एमएक्स' नोंद म्हणजे काय?

आधी सगळ्या यंत्रांची नावे आणि क्रमांक एकाच यादीत असत आणि ती यादी प्रत्येकाने उतरवून घ्यायची असे. जाळे वाढल्यावर हे अशक्य झाले. पोस्टेल यांनी हा प्रश्न त्यांच्याच संस्थेतल्या पॉल मॉकापेट्रिस यांच्याकडे सोपवला आणि १९८३ मध्ये 'डीएनएस' ही नावांची वाटून दिलेली नोंदवही जन्माला आली. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांच्या आरएफसी ९७४ ने तिच्यातली एमएक्स नोंद टपालासाठी कशी वापरायची ते ठरवून दिले. एमएक्स म्हणजे मेल एक्स्चेंजर, अर्थात टपाल स्वीकारणारा.

ही नोंद एवढेच सांगते की, अमुक नावाच्या पत्त्यावरचे ई-मेल तमुक सर्व्हरकडे द्यावेत. एकापेक्षा जास्त सर्व्हर असतील, तर प्रत्येकाला एक आकडा दिलेला असतो आणि लहान आकड्याच्या सर्व्हरला पहिला मान मिळतो. गावात नसलेल्या माणसाने टपाल शेजारच्या दुकानात ठेवायला सांगावे, तसाच हा निरोप. म्हणूनच जी ठिकाणे चोवीस तास जाळ्याला जोडलेली नव्हती, त्यांनाही ई-मेल मिळू लागले.

भारतासाठी हे फार उपयोगाचे होते. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी मुंबईसारख्या संस्था 'अर्नेट' जाळ्यातून ई-मेलची देवाणघेवाण करू लागल्या होत्या. भारताचे '.इन' हे नाव जागतिक नोंदवहीत मे १९८९ मध्ये चढले. ती नोंदवही तेव्हा पोस्टेल यांच्याकडे होती आणि '.इन'चे काम जुहूच्या या केंद्राकडे आले. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट त्यानंतर सहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने खुले केले.

ही नोंद खोटी कशी असते?

नोंदवहीत काय लिहायचे हे त्या नावाचा मालक ठरवतो. त्यामुळे तिथे काहीही लिहिता येते. पत्र पाठवणाऱ्याच्या नावाला एमएक्स नोंद आहे, पण ती १२७.०.०.१ या क्रमांकाकडे नेते, असे आढळते. प्रत्येक संगणक स्वतःला याच क्रमांकाने ओळखतो. म्हणजे उत्तर पाठवायला गेलेला सर्व्हर फिरून स्वतःच्याच दारात येतो. काही नोंदी १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांकडे नेतात. हे क्रमांक घरातल्या वायफायसारख्या खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, बाहेरून तिथे कोणी पोहोचू शकत नाही. काही नोंदींत ०.०.०.० असते, तर काहींत अस्तित्वातच नसलेल्या सर्व्हरचे नाव.

असे कोणी का करेल? लाखो पत्ते आंधळेपणाने गोळा करून ई-मेल पाठवले की त्यांतले पुष्कळ परत येतात, शिवाय तक्रारी येतात. हे सगळे अंगावर येऊ नये, म्हणून परतीची वाटच अशी मोडून ठेवलेली असते. काही वेळा कारण फसवणुकीचे नसते, निव्वळ अज्ञान असते. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने कच्ची नोंद तशीच ठेवलेली असते.

सर्व्हर अशा पत्राला दारातच नाही का म्हणतो?

एसएमटीपीच्या नियमात एक जबाबदारी आहे. सर्व्हरने पत्र एकदा स्वीकारले की, ते पोहोचवायचे किंवा पोहोचले नाही असे पाठवणाऱ्याला कळवायचे, हे त्याचे कर्तव्य. आता परतीचा पत्ताच खोटा असेल, तर कळवणार कोणाला? तो निरोप सर्व्हरच्या रांगेत अडकतो, चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न होतात आणि शेवटी तो टाकून द्यावा लागतो. अशी हजारो पत्रे आली की खऱ्या टपालाला उशीर होतो. पोस्टेल यांनी १९७५ मध्ये वर्तवलेला धोका हाच.

म्हणून 'पोस्टफिक्स'सारख्या सर्व्हर प्रणालींमध्ये अशी तपासणी लावण्याची सोय असते. पत्र कोणाकडून आहे हे कळताच, मजकूर आत घेण्याआधीच, सर्व्हर डीएनएसमध्ये पाहतो. नाव अस्तित्वात आहे का? त्याचे टपाल कोण घेतो? तो क्रमांक पोहोचण्याजोगा आहे का? उत्तर नकारार्थी असेल, तर ५५० मालिकेतला क्रमांक देऊन संभाषण संपवले जाते.

इथे एक फरक महत्त्वाचा आहे. नोंद चुकीची असणे वेगळे आणि सर्व्हर तात्पुरता बंद असणे वेगळे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनची वीज आणि मोबाइल सेवा अनेक दिवस बंद होती. त्या दिवसांत इथल्या माणसाला फोन लागला नाही, म्हणून त्याचा पत्ता खोटा ठरत नाही. चांगला सर्व्हर हा भेद पाळतो. डीएनएसकडून उत्तरच आले नाही, तर तो ४ ने सुरू होणारा क्रमांक देतो. त्याचा अर्थ, थोड्या वेळाने पुन्हा या.

दारातल्या नकाराचा आणखी एक फायदा आहे. ई-मेल 'स्पॅम'च्या कप्प्यात गेला, तर पाठवणाऱ्याला काही कळत नाही आणि घेणारा तिकडे फिरकत नाही. दारात नाकारला, तर पाठवणारा सर्व्हर खरा असल्यास आपल्या माणसाला कारणासह लगेच कळवतो. चूक प्रामाणिक असेल, तर ती दुरुस्त होते.

जानेवारी १९९८ मध्ये काय घडले?

नव्वदच्या दशकात इंटरनेटच्या नावांत मोठा पैसा आला. नावांच्या नोंदवहीचे मूळ पान कोणाच्या ताब्यात असावे, यावर अमेरिकी सरकार, नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी आणि तंत्रज्ञ यांच्यात वाद सुरू झाला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ सर्व्हर चालवणाऱ्यांपैकी आठ जणांना ई-मेल पाठवला. यापुढे मूळ नोंदी कंपनीच्या सर्व्हरऐवजी माझ्याकडच्या सर्व्हरवरून घ्याव्यात, असा त्याचा आशय होता. आठही जणांनी ते केले. वापरणाऱ्यांना काही जाणवलेही नाही. व्हाइट हाऊसमधून तीव्र आक्षेप आल्यावर पोस्टेल यांनी ती चाचणी होती असे सांगून सारे पूर्ववत केले.

एका ई-मेलवर जगाच्या नोंदवहीची वाट बदलली, कारण पाठवणाऱ्याच्या नावावर सर्वांचा विश्वास होता. त्याच वर्षी ही जबाबदारी व्यक्तीकडून संस्थेकडे नेण्यासाठी 'आयकॅन' स्थापन झाली. तिचे काम मार्गी लागण्याआधीच, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने पोस्टेल यांचे निधन झाले. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. शाळेपासूनचे सोबती व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला श्रद्धांजली लेख आरएफसी मालिकेतच, २४६८ या क्रमांकाने, प्रसिद्ध झाला.

त्यांच्यानंतर नोंदवहीची परीक्षा कधी झाली?

१५ सप्टेंबर २००३ रोजी. '.कॉम' आणि '.नेट' ही नावे सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने एक बदल केला. अस्तित्वात नसलेले कोणतेही नाव विचारले, तरी नोंदवही नाही म्हणेना. ती कंपनीच्याच एका क्रमांकाकडे बोट दाखवू लागली. चुकीचे नाव टाइप करणाऱ्याला कंपनीचे पान दिसावे, हा हेतू होता. पण ई-मेल सर्व्हरची तपासणी त्यामुळे आंधळी झाली. पाठवणाऱ्याचे नाव बनावट आहे का, या प्रश्नाला नोंदवहीच खोटे उत्तर देऊ लागली. सर्व्हर चालवणाऱ्यांनी घाईने दुरुस्त्या बसवल्या, आयकॅनने कंपनीला बजावले आणि ४ ऑक्टोबरला ही सोय बंद झाली. जेमतेम तीन आठवड्यांच्या या प्रकाराने दाखवून दिले की, नकाराची शिस्त नोंदवहीच्या खरेपणावर उभी आहे.

पुढे २०१५ मध्ये उलट बाजूनेही प्रामाणिकपणाची सोय झाली. आरएफसी ७५०५ नुसार ज्या नावावर ई-मेल स्वीकारायचेच नाहीत, त्याच्या मालकाने एमएक्सच्या जागी फक्त एक टिंब ठेवायचे. त्या नावाने कोणी पत्र पाठवले, तर ते नाकारायला घेणारा मोकळा.

एवढे पुरेसे आहे का?

नाही. आजचा ठग खरे नाव विकत घेतो आणि एमएक्स नोंद बिनचूक ठेवतो. त्यासाठी आणखी तपासण्या आल्या, आणि त्या समजून घ्यायला श्रीवर्धनच्या वाचकाला दूर जावे लागत नाही. इथल्या देशमुखी घराण्यातले बाळाजी विश्वनाथ भट १७१३ मध्ये पेशवे झाले. त्याआधी १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले, तेव्हा ते खरे की तोतया हाच वाद उठला होता. त्या काळच्या राजपत्रावर मुद्रा उमटवलेली असे आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे पुढे कोणाला ओळ घुसडता येऊ नये. शिक्कामोर्तब हा शब्द तिथूनच आपल्या बोलण्यात आला.

ई-मेलमध्ये 'एसपीएफ' ही नोंद सांगते की, या नावाने पत्रे नेण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे. 'डीकेआयएम' हे मोर्तब आहे. वाटेत मजकूर बदलला, तर ते जुळत नाही. या दोन्ही कसोट्या फसल्या तर काय करावे, हे 'डीमार्क' सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने ई-मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत.

मग फोन वापरणाऱ्याने काय करावे?

आलेल्या ई-मेलमध्ये वर दिसणाऱ्या नावावर जाऊ नये. नावाखालचा छोटा बाण दाबला की पूर्ण पत्ता दिसतो. बँकेच्या नावाने आलेल्या पत्राचा पत्ता भलताच असेल, तर त्यातला दुवा उघडू नये. पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ असणाऱ्यांनी मात्र उलट बाजूही पाहावी. खोल्यांच्या नोंदणीचे उत्तर पाहुण्याला मिळाले नाही, तर दोष त्याच्या फोनचाच असेल असे नाही. आपलीच एमएक्स नोंद चुकीची असू शकते. नूतनीकरणाचे पैसे भरायचे राहून नाव बंद पडलेले असू शकते. संकेतस्थळ बनवणाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात : एमएक्स कुठे नेते, एसपीएफ आहे का, डीकेआयएम लावले आहे का, डीमार्क आहे का. आणि परत आलेल्या निरोपातला ५५० मालिकेतला क्रमांक पुसून टाकू नये, तो त्याला दाखवावा.

पोस्टेल यांच्या तत्त्वाचा उत्तरार्ध, उदारपणे स्वीकारण्याचा, जगाने अनुभवातून आवरता घेतला. तो सरसकट पाळू नये, असे इंटरनेटचे तंत्रज्ञही आता सांगतात. पूर्वार्ध मात्र अजून तसाच लागू आहे. पाठवणाऱ्याने आपल्या नोंदी काटेकोर ठेवायच्या. ज्याचा परतीचा पत्ता खरा, त्याला या तपासणीपासून भीती नाही.